भिंगाने पाहिलेले बारवेचे पाणी

नाक दाबून ऐका, मित्रांनो. मी एक जुने भिंग आहे आणि आयुष्यभर मी घाण जवळून पाहिली आहे. तुम्हाला दुरून जे स्वच्छ दिसते, ते मला तसे दिसत नाही. मी जे बघते ते मोठे होते, आणि मोठे झाले की बहुतेक वेळा त्याची किळसच येते.

माझी काच कोणत्या भट्टीत वितळली, मला ठाऊक नाही. पितळेची कडी आणि शिसवी मूठ घेऊन मी सेलूच्या कापूसबाजारात आले, तिथपासूनचे मला आठवते. एक अडत्या माझ्यातून कापसाचा धागा बघायचा. कापूस पांढराशुभ्र असे, पण अडत्याची नखे! त्या नखांतला मळ मी वर्षानुवर्षे पाहिला. निजामाचे राज्य गेले त्या सुमारास त्याने दुकान आवरले आणि मला ओळखीच्या एका मास्तरांच्या हाती ठेवले. त्यांचे नाव दिनकरराव.

दिनकरराव वालूरच्या अलीकडच्या एका लहान गावात शिकवत. शाळेत तेव्हा नुकतीच उर्दूच्या जागी मराठी आली होती. मुलांना आपल्या बोलीत प्रश्न विचारता येऊ लागले, आणि धरण फुटावे तसे प्रश्न फुटले. गुरुजी, पाण्यात काठी वाकडी का दिसते? गुरुजी, मुंगीला ऐकू येते का? मोठी माणसेही मागे राहिली नाहीत. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजी शाळेच्या ओसरीवर बसत आणि ज्याला जे विचारायचे असेल त्याने विचारावे, असा शिरस्ता पडला. लिंबाजी नावाचा शेतकरी चिंचोके मांडून विचारायचा, "गुरुजी, दोन इषम आकडे मिळवले की सम का येतो? कदी चुकत कसं न्हाई?" गुरुजी चिंचोक्यांच्या जोड्या लावून दाखवायचे. दोन्ही ढिगांतला एकटा उरलेला चिंचोका दुसऱ्या एकट्याशी जोडला गेला की लिंबाजी मांडीवर थाप मारून हसायचा.

एकदा एका मुलीने विचारले, माशी सारखे पाय का चोळते? गुरुजींनी माशी पकडून माझ्याखाली धरली. केसाळ पाय, आणि त्या केसांना चिकटलेली गोठ्यातली घाण. ती माशी आधी गुळाच्या खड्यावर बसली होती. तो गूळ त्या दिवशी कुणीच खाल्ला नाही.

हे असेच चालले असते तर माझे आयुष्य बरे गेले असते. पण एका उन्हाळ्यात कासाबाई लंगडत ओसरीवर आली.

कासाबाई मेंढरे राखणारी. पावसाळा सरला की तिचे कुटुंब कळप घेऊन सोनपेठाकडे गोदेच्या काठी जाई आणि उन्हाळ्यात गावात परते. तिच्या घोट्याजवळ फोड फुटला होता आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा नारू, म्हणजे अंगात वाढणारा जंत, बाहेर आला होता. तो तुटू नये म्हणून तिने काडीला गुंडाळून ठेवला होता. तिच्या नवऱ्याला, रायभानला, मागच्या साली नारू निघाला होता. तो ओढताना तुटला, पाय सडला आणि गुडघा कायमचा आखडला. कळपामागे चालणारा माणूस आता उंबऱ्यात बसून असे.

"गुरुजी, एक इचारू का?" कासाबाई म्हणाली. "लोक म्हणत्यात देवी कोपली. पर जी मान्सं बारा महिने नदीकडं ऱ्हातेत, त्यायच्यात एकाला बी नारू न्हाई. हितं येऊन बारवेचं पाणी पितो, तर दुसऱ्या उन्हाळ्यात निघतोच. देवी काय बारवेतच बसलीया? हे काय गणित हाय?"

दिनकररावांनी वाकून तिचा घोटा पाहिला. मग म्हणाले, "मी वाचलंय याबद्दल. पण डोळ्यांनी पाहिलेलं नाही. बघूया."

त्यांनी बारवेतून, गावच्या पायऱ्यांच्या विहिरीतून, तांब्याभर पाणी आणवले, काचेच्या पेल्यात ओतले, पेला उन्हात धरला आणि मला पुढे केले. मित्रांनो, मी मेलेली गोचीड पाहिली होती, सडलेले बोंड पाहिले होते. पण त्या पाण्यात जे होते ते जिवंत होते. कोंड्याच्या कणाएवढे किडे, शेपटी असलेले, काहींच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या लोंबत होत्या. ते झटके देत, उड्या घेत पोहत होते. लिंबाजीने डोळा लावला आणि ओसरीखाली जाऊन ओकला. सकाळीच तो तेच पाणी ओंजळीने प्याला होता.

मग गुरुजींनी कासाबाईला पाय एका घमेल्यात बुडवायला सांगितले. थंड पाणी लागताच फोडातून दुधासारखे पांढुरके काही सुटले. मला त्यावर धरले होते. केसाच्या तुकड्यांसारखे असंख्य जीव त्यात वळवळत होते. कासाबाईने तोंड फिरवले नाही. तिने पदर तोंडाला लावला आणि बघत राहिली.

"म्हंजे ज्याला नारू हाय त्यानं बारवेत पाय घातला, की हे पाण्यात," ती हळूहळू म्हणाली. "ते त्या किड्यायनी खायचं. आन् किडे आमी प्यायचे."

"हो," गुरुजी म्हणाले. "अंगात गेलं की वर्षभरानं त्याचा नारू होतो. आता बारवेचं पाणी फडक्यातून गाळून बघ."

तिने जुन्या धोतराचे फडके चौपदरी केले आणि पाणी गाळले. मी पुन्हा पाहिले. पेल्यात एकही किडा नव्हता. घमेल्यातले पाणी तिने गावाबाहेर नेऊन खड्ड्यात ओतले आणि वर माती लोटली.

बातमी गावभर झाली. पायऱ्या उतरून कुणी पाण्यात शिरू नये, पाणी वरून दोराने काढावे आणि गाळून प्यावे, असे गुरुजी सांगू लागले. दुसऱ्या संध्याकाळी आबासाहेब ओसरीवर आले. ते गावचे मोठे जमीनदार. बारव त्यांच्या पणजोबांनी बांधलेली. रोज सकाळी तिच्यात उतरून पहिली अंघोळ त्यांची, हा त्यांचा मान.

"मास्तर, आमच्या बारवेत किडे दाखवायलात म्हणं?"

"तुम्हीच बघा, आबासाहेब. एकदा डोळा लावा." गुरुजींनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि वाकून मला त्यावर धरले.

"आमच्या पुण्याईत डोळे घालून किडे हुडकायचे? तुमची बदली करून टाकीन!" असे म्हणून त्यांनी पेल्याला लाथ मारली. पेला फुटला, गुरुजींच्या हातातून मी उडाले आणि दगडावर आपटले. माझ्या कडेचा टवका गेला. मी पडले ते आबासाहेबांच्या पायाशी. लाथेने त्यांचे धोतर वर सरकले होते.

नडगीवर चिकट चिंधी होती. चिंधीखाली काडी, आणि काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा. त्यातून ओल पाझरत होती. इतक्या जवळून पाहताना मिटायला मला पापणीही नव्हती.

कासाबाईने ते पाहिले. "आबासाहेब, तुमच्या बी पायाला काडी हाय की."

लिंबाजी चाचरत म्हणाला, "रोज सकाळी पह्यला पाय तुमचाच असतो न्हवं पाण्यात?"

मला वाटले, आता तरी हा माणूस मान खाली घालील. आबासाहेबांनी धोतर खाली ओढले आणि म्हणाले, "मग? आग व्हते पायाची, थंड पाण्यात बरं वाटतं. माझी बारव हाय. माझ्या पाण्यात माझा पाय."

"आन् आमच्या पोटात?" कासाबाईने विचारले.

ते पाठ फिरवून निघून गेले. मित्रांनो, किड्याला किडा असल्याची लाज नसते, ते मी समजू शकते. पण त्या माणसाची मला जी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दगडाबाईने, म्हणजे लिंबाजीच्या आईने, बाया गोळा केल्या. बाभळीच्या फांद्या ओढून आणून त्यांनी बारवेच्या खालच्या पायऱ्या काट्यांनी बुजवल्या. लिंबाजीने मोटेचे जुने चाक काठावर बसवून दोर सोडला. आबासाहेब खांद्यावर पंचा टाकून आले, तर समोर काटे आणि काठावर बाया.

"बाजूला व्हा," ते गरजले.

दगडाबाईने भरलेली घागर त्यांच्या पुढ्यात ठेवली. "घ्या, वरच अंघोळ करा. खाली कुणी जायाचं न्हाई. तुमी बी न्हाई आन् मी बी न्हाई."

त्यांनी आरडाओरडा केला, गडी बोलावले. पण गड्यांच्या बायकाच त्या काठावर उभ्या होत्या. गडी हलले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात गावात तुरळक नारू निघाले, कारण ते आदल्या सालच्या पाण्याचे होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकही निघाला नाही. आबासाहेब पाहुण्यांना सांगू लागले, "रहाट मीच बसवला." दिनकरराव ऐकून हसले. मला हसू आले नाही.

पुढे गुरुजींची जिंतूरकडे बदली झाली. जाताना त्यांनी मला शाळेच्या कपाटात ठेवले, मुलांसाठी. नवे गुरुजी आले. परीक्षेत न येणारे प्रश्न त्यांना आवडत नाहीत. इंद्रधनुष्य गोल का, असे विचारणाऱ्या मुलीला त्यांनी खाली बसवले. मोठी मुले मला चोरून नेऊन उन्हात मुंग्या जाळत, म्हणून कपाटाला कुलूप लागले. आता माझ्यावर पालीची विष्ठा आहे, काचेवर बुरशीची जाळी चढते आहे, आणि मूठ झुरळांनी कुरतडली आहे. इतरांची घाण बघता बघता मीच घाण झाले आहे.

आज सकाळी कासाबाई आली. कपाटाच्या फटीतून मला तिचे पांढरे झालेले केस दिसले. नदीकाठाहून परतताना एका मेंढीच्या खुरात काहीतरी वळवळताना तिला दिसले. तिने भिंग मागितले. नवे गुरुजी म्हणाले, "शी! असलं काय बघायचं? आणि किल्ली कुठं आहे कुणास ठाऊक."

"बगितल्याबिगर कळंल कसं?" ती म्हणाली आणि ओसरीवर मेंढी धरून बसली.

दुपार झाली, ती बसूनच आहे. मित्रांनो, किल्ली शोधा. मला स्वच्छ फडक्याने पुसा, आणि किळस आली तरी तिच्या शेजारी बसून खुरात बघा.