गुरुजींनंतरची होळी

सेवादास गुरुजी गेले ते पुसाच्या थंडीत, देवासमोर बसल्या बसल्या. आरतीचं ताट हातात आणि मान खाली. असं मरण नशीबवानालाच येतं म्हणून तांड्यातल्या बाया रडता रडता कौतुक करत होत्या. त्यांची बायको मानीबाई तेवढी रडली नाही. बिचारीला धक्का बसला, असं सगळ्यांनी धरून घेतलं.

धक्का कशाचा, डोंबलाचा! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्या बाईला पाठ टेकल्याबरोबर झोप लागली होती. आता हे सांगायचं कोणाला आणि कोणत्या तोंडानं?

घाटंजीकडच्या त्या बंजारा तांड्यात एक रीत आहे. वर्षात ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरी होळीला सगळा तांडा जमतो, गेलेल्याचं नाव काढतो, गाणी म्हणतो आणि घरातलं दुःख मोडतो. त्यानंतर त्या घरानं रडायचं नाही. यंदा गुरुजींच्या अंगणात दुःखही मोडायचं होतं आणि नातवाचं धुंडही करायचं होतं. वर्षभरात जन्मलेल्या पोराचं कौतुक म्हणजे धुंड. अंगणाच्या मधोमध खुंटा गाडला होता, त्याला पुऱ्या-गुलगुल्यांची हंडी दोरांनी करकचून बांधली होती, आणि सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, मानीबाईची सून दिपाली तान्ह्याला घेऊन बसली होती. पदर कपाळावरून पार डाव्या डोळ्यापर्यंत ओढून.

तांड्याचा नायक जीवन बोलायला उभा राहिला.

"गुरुजी होते म्हनून आपल्या पोरी शाळेत गेल्या," तो म्हणाला. "शाळेत कधी छडी हाती धरली का त्या मानसानं? पोट्ट्यायवर आवाज चढवला का? दारूले शिवले नाही, मटनाले शिवले नाही. दर साली पोहरादेवीले पायी जात. आन् घर पाहावं तं गुरुजीचं! कधी मोठ्यानं बोलनं आयकू आलं नाही."

ऐकू येईल कसं? गुरुजी आधी भजन लावायचे. कॅसेट होत्या तेव्हा कॅसेट, नंतर मोबाईल. आवाज मोठा करायचे, चष्मा काढून डबीत ठेवायचे, सदऱ्याच्या बाह्या नीट दुमडायचे आणि मग मानीबाईला मारायचे. रस्त्यानं जाणारा माणूस भजन ऐकून दारातूनच हात जोडून पुढे जायचा. पिऊन मारणारा नवरा सकाळी निदान पाया तरी पडतो. हा शुद्धीत मारायचा, आणि मारून झालं की हातपाय धुऊन जपाला बसायचा.

कारणं तरी कसली! समईची वात विझली. उपासाच्या साबुदाण्यात मीठ जास्त झालं. एकदा भारत, म्हणजे त्यांचा एकुलता एक पोरगा, चारेक वर्षांचा असताना नैवेद्याच्या खिरीत बोट घालून चाटून गेला. "लेकरू आहे जी," एवढंच मानीबाई बोलली. गुरुजींनी चुलीजवळची लोखंडी फुंकणी उचलली. पहिला फटका भारतला पायावर, बाकीचे सगळे तिला. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. भारत देवघराच्या दाराशी उभा होता, त्याची चड्डी ओली झाली होती, आणि मोबाईल नव्हते तेव्हा, टेपवर टाळ वाजत होते.

आणि हाच माणूस तिला टायफॉइड झाला तेव्हा तिला पाठुंगळी घेऊन पुराचा नाला पार करून गेला होता. दवाखान्यात रात्रंदिवस उशाशी बसला, पेजेचा चमचा फुंकून तोंडात घातला. दोन्ही खरं. एकच खरं असतं तर मानीबाई कायमची माहेरी निघून गेली असती.

हे सगळं तिनं गिळलं. म्हाताऱ्याबरोबर सरणावर गेलं असं समजून मोकळीही झाली होती. पण मागच्या आठवड्यात भारत शाळेतून आला. तोही मास्तरच. संध्याकाळच्या आरतीला उभा राहिला आणि तान्हं रडायला लागलं. दिपाली त्याला थोपटत होती, ते काही थांबेना. भारतनं आरती पूर्ण केली, अगदी शेवटपर्यंत. देवाला नमस्कार केला. मग मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं.

घड्याळ काढलं तेव्हाच मानीबाईनं ओळखलं. ती चुलीपासून उठेपर्यंत त्यानं दिपालीचे केस धरून तिचं डोकं चौकटीवर आपटलं होतं. एकदा, मग पुन्हा. लेकरू तिच्या कुशीतच होतं. मानीबाई मधे पडली तर त्यानं तिलाही बाजूला लोटलं.

"याडी, तू मधात नको पडू," तो आईला म्हणाला, आवाज न चढवता. "बापूनं तुले कमी मारलं का? मोडला का संसार? पूरा तांडा आपल्या घराचं नाव घेते."

मानीबाई दिपालीच्या भुवईवर हळद दाबायला बसली. दिपाली म्हणाली, "होळी होऊ द्या याडी, मंग मी लेकरू घेऊन चालली. नाही गेली तं या घरातून मले खांद्यावरच नेतीन." आणि गेली तर भारत तिला आणायला जाणार, चार माणसं जमवणार, गुरुजींच्या घरची सून म्हणून सगळे तिलाच समजावणार. हे मानीबाईला पुरतं ठाऊक होतं. तिचीही एकदा तशीच समजूत काढली होती.

तर अंगणात नायकाचं बोलणं संपलं. डफ वाजला, दुःख मोडलं. नायकानं तान्ह्याला हातात घेऊन आशीर्वाद दिला, "आज्यासारखा हो रे बाप्पा, आज्यासारखा!" सगळ्यांनी 'हाव, हाव' म्हणत माना डोलावल्या. भारतची छाती फुगली.

"बापूनं मले घडवलं, तसाच मी याले घडवीन," तो म्हणाला.

मानीबाईनं सपरीत पाहिलं. दिपालीनं मान वर केली नाही.

मग खुंट्याचा खेळ सुरू झाला. ओल्या बांबूच्या काठ्या घेऊन बाया खुंट्याभोवती उभ्या राहतात. हंडी सोडवायला पुरुष धावून येतात, आणि बाया त्यांना झोडपतात. फटके खरेच असतात, वळ उठतात, पण त्या दिवशी रागवायचं कोणी नाही. ज्याच्या पोराचं धुंड, त्या बापानं आधी पुढं व्हायचं. शेजारच्या रामीबाईनं एक काठी मानीबाईच्या हातात कोंबली. "धर वं माय. दुःख मोडलं आता. आजी झाली तू, खुंट्याजवळ उभी राय."

डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन भारत हसत हसत आला. रामीबाईनं पाठीत एक ठेवून दिली. हसण्याची लाट उठली. दुसरा फटका चुकवत तो नेमका आईसमोर आला आणि हंडीच्या गाठीला हात घातला.

"मार याडी, मार! आज तुले सूट आहे!"

त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. खेळायला येताना काढून ठेवलं असणार, त्यात काय विशेष? पण मानीबाईला तेवढं उघडं मनगटच दिसलं, आणि तिनं काठी दोन्ही हातांनी उचलून त्या मनगटावर घातली. काडकन आवाज झाला. लोक हसतच होते. दुसरा फटका गुडघ्यावर बसला, तो खाली पडला. तिसरा पाठीवर, चौथा पुन्हा पाठीवर.

"हे खिरीचं!" ती ओरडत होती. "हे मिठाचं! हे भजन लावून मारलं त्याचं! हे दिपालीच्या डोक्याचं! अन् हेबी दिपालीचंच!"

डफ थांबला. भारतच्या कानाजवळून रक्त निघालं होतं, तो कोपरावर सरपटत मागं जात होता आणि म्हातारी त्याच्यामागं जाऊन मारत होती. दोन-तीन पुरुष धावले, तशी रामीबाई आपली काठी आडवी धरून मधे उभी राहिली. "खुंट्यावर बाया मारते. मर्दानं हात धराचा नाही. रीत आहे का नाही, सांगा?" तिच्या मागं आणखी बाया येऊन उभ्या राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं. कदाचित फार आधीपासून कळलेलं होतं.

"मानीबाई!" नायक हादरून म्हणाला. "गुरुजीचं नाव काढलं आपन आता, अन् तू काय करून राह्यली? काय वाटन त्यायले?"

मानीबाईनं पदर बाजूला केला आणि गळ्याखालचं वाकडं जुळलेलं हाड बोटानं दाखवलं. "हे गुरुजीनं मोडलं. चतुर्थी होती, उपास होता त्यायचा. काढा आता नाव."

सपरीत दिपालीनं कपाळावरचा पदर मागं सारला. सुजलेला, काळानिळा डोळा सगळ्या तांड्यानं पाहिला.

भारत मातीत पडल्या पडल्या रडत होता. मास्तर, एका पोराचा बाप, हमसून हमसून रडत होता.

"मंग बापूले काहून नाही मारलं?" तो म्हणाला. "दर होळीले तुह्या हाती काठी राहे. बापू तुह्यासमोर येत, अन् तू भुईवर मारे. सगळे हासत. मी सपरीत उभा राहून म्हनो, आता मारन याडी, आता मारन. तू कधीच नाही मारलं. मले वाटलं, तुलेबी हेच बराबर वाटते."

मानीबाईच्या हातातली काठी गळून पडली. ती त्याच्याजवळ मातीत बसली.

"भेत होती रे बापा मी," ती म्हणाली. "बराबर नव्हतं वाटत. कधीच नव्हतं. नुसती भेत होती." आणि गुरुजी गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली. दुःख मोडल्यावर रडायचं नसतं, पण तिला कोणी अडवलं नाही.

मग तिनंच डोळे पुसले. "ऊठ. हात मोडला तुहा, घाटंजीले चाल. डाक्टर पुसन कसं झालं म्हनून. मी दर खेपेले पडली म्हनूनच सांगतलं. तू तसं सांगजो नको."

दवाखान्यात डॉक्टरनं मनगट दाबून पाहिलं आणि विचारलं, "काय हो मास्तर, गाडीवरून पडले का?"

भारतनं हो म्हणायला तोंड उघडलं. आई दाराशी उभी होती.

"बायकोले मारतो मी," तो म्हणाला. "म्हनून मायनं मारलं."

डॉक्टरला ती होळीची थट्टा वाटली. तो मोठ्यानं हसला. मग त्यानं मानीबाईकडं पाहिलं, पुन्हा भारतकडं पाहिलं, आणि गुपचूप प्लास्टर भिजवायला घेतलं.