दहापासून सुरू होणारी मोजपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे, बर्चच्या लाकडाची, पितळी बिजागऱ्यांवर दुमडणारी. माझे आकडे अर्धे पुसलेत आणि मी शून्यापासून नाही, दहापासून सुरू होते. पहिले दहा सेंटीमीटर सायमीने मोडले. तेव्हा ती चार वर्षांची होती आणि माझा पूल करून त्यावरून मांजर नेत होती.

तिचे बाबा, ताविती सुतार, यांनी मला फेकलं नाही. "दहा वजा केले की झालं," म्हणाले आणि मला पुन्हा खिशात खुपसलं. तेव्हापासून त्या घरात एक रीत पडली. मोजणाऱ्याने दिसेल तो आकडा ओरडायचा, लिहिणाऱ्याने दहा कमी करून लिहायचा. चाळीस वर्षांत कधी चूक झाली नाही.

सायमी हेलसिंकीला जाऊन घरांचे नकाशे काढू लागली. तिच्याकडे लाल उजेडाने मोजणारं यंत्र आलं आणि मी खणात पडून राहिले. मग तिची आई गेली. ताविती चौऱ्याऐंशी वर्षांचे, शहरात तिसऱ्या मजल्यावर एकटे. एक दिवस ते लेकीला म्हणाले, "मला तळ्याकाठच्या आपल्या रानात राहायचंय. घर छोटं चालेल. अंथरुणातून तो म्हातारा पाइन दिसला पाहिजे."

आणि मापं माझ्यानेच घ्यायची, या त्यांच्या हट्टामुळे मी खणातून बाहेर आले. सायमीने मला त्या पाइनच्या बुंध्याशी उभं धरलं. दोन मीटरचा केवढा तोरा होता मला! मग मी वर पाहिलं. खोड वर जातच होतं, तांबूस होत होत, आणि शेंडा ढगांत कुठेतरी हलत होता. मित्रांनो, मी जन्मभर मोजत आले, पण त्या दिवशी मोजायचं विसरून नुसती बघत राहिले.

त्या झाडापुढे मोठं घर काढायचा तिला धीर होईना. नकाशावरून आधी कपाट गेलं, मग आतली भिंत गेली.

"बाबा, टेबल?"

"खिडकीची चौकट रुंद कर. कॉफीचा कप मावला की बास."

शेवटी उरली एक खोली, विटांची एक बांधीव शेगडी, एक खिडकी, आणि खिडकीखाली शेगडी ते भिंत एवढ्या जागेत बरोबर बसणारी बाबांची जुनी खाट. त्या खाटेचं माप घ्यायचं तेवढं राहिलं होतं. लेक दमलीय असं पाहून बाबांनी त्या दिवशी मायेपोटी वजाबाकी स्वतःच केली आणि ओरडले, "एकशे नव्वद!" सायमीने सवयीने लिहिलं, एकशे ऐंशी.

उभ्या उभ्या वाळलेले करडे पाइन शोधण्यात दोन हिवाळे गेले. खाचा पाडून ओंडके एकावर एक रचले. छप्पर चढलं, शेगडी बांधून झाली. रानातली लाल लिंगनबेरी पिकते त्या, हिवाळ्याआधीच्या दिवसांत खाट आली आणि शेगडी नि भिंतीच्या मध्ये बसेना.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी वजा केले होते," बाबा म्हणाले.

"मीपण!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंत सरकवायची तर नवे वाळके ओंडके हवेत, म्हणजे आणखी एक हिवाळा.

"हिवाळ्याचा भरवसा मला देऊ नकोस, पोरी," बाबा हसत म्हणाले. सायमी शेगडीला टेकून रडू लागली.

"रडतेस काय? खाट काप."

"तुम्ही एकशे त्र्याऐंशी! पाय काय शेगडीत घालणार?"

"मोज तर खरं."

टोपी काढून ते भिंतीशी ताठ उभे राहिले. सायमीने मला जमिनीला टेकवलं. "एकशे चौऱ्याऐंशी."

"बघ! सैन्यात होतो त्यापेक्षा एकाने वाढलोच की!"

सायमीने माझ्या मोडक्या टोकावर बोट ठेवलं.

"कर वजा," ते हळूच म्हणाले.

एकशे चौऱ्याहत्तर. एवढा उंच माणूस नऊ सेंटीमीटर कधी उतरला, ते लेकीला कळलंच नव्हतं. ताविती मात्र भिंतीवर हात फिरवत म्हणाले, "ओंडक्यांची भिंतसुद्धा वर्षागणिक खाली बसते. मीही बसलो. घराशी जमेल माझं."

खाट कापली. ते आडवे झाले. पायाशी चार बोटं जागा उरली आणि खिडकीत तो पाइन, बुंध्यापासून जेवढा मावेल तेवढा. "आई गं," एवढंच ते म्हणाले.

मित्रांनो, मोडकी वस्तू जरूर जपा, पण तिची मोड कुणी सांभाळायची तेही ठरवा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांची जुनी मापं डोक्यात धरून बसू नका. त्यांना अधूनमधून जवळ उभं करून पाहा.

आता मी त्या खिडकीशेजारी खिळ्यावर असते. सायमी आली की बाबांना भिंतीशी उभं करते आणि आकडा ओरडते. वजा करायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय.