खोटा निरोप

निखिलचा छापून आलेला शोधनिबंध टेबलावर उघडा ठेवून अनुजाने त्यात सांगितलेलं द्रावण थेंबाथेंबाने काचेच्या नळीत सोडलं. पडद्यावरची रेघ झरकन वर चढली. कुलूप उघडलं होतं.

कुलूप तिचं होतं, चार वर्षांच्या मेहनतीचं. रक्तात सोडायची दोन अतिसूक्ष्म यंत्रं. एक साखर मोजायचं, दुसरं इन्सुलिन सोडायचं. त्यांच्यातला निरोप रेणूंमधून जायचा. खोट्या निरोपाला दुसऱ्या यंत्राने दाद देऊ नये म्हणून अनुजाने त्यात एक खूण बसवली होती, तेच हे कुलूप. पण शरीरातलाच एक साधा रेणू त्या खुणेला फसवतो, असं निखिलने दाखवून दिलं होतं. प्रयोगाची तारीखही दिली होती. बारा मार्च.

मार्चमध्ये तो प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्याच टेबलावर बसायचा. रविवारी तिच्या घरी, सेक्टर सहाला, जेवायला यायचा.

मे महिन्यात, ही यंत्रं सोडलेले नऊ उंदीर एका सकाळी मेलेले सापडले. साखर पार उतरलेली. आदल्या संध्याकाळी दाणा पडला नसेल, असं सगळे धरून चालले. दाणा दिला होता, असं पिंजरे सांभाळणारी भीमाबाई परत परत सांगत राहिली. अहवालावर सही अनुजाने केली. भीमाबाईचं काम गेलं.

अनुजाने निखिलला फोन लावला. तो आता पुण्यात होता.

"तुले मार्चमध्येच समजलं होतं?"

"हो."

"भीमाबाईले काढलं तेव्हा तू इथंच होता. कावून नाही बोलला?"



"सांगितलं असतं तर तू दुरुस्त करून टाकलं असतं, अनुजा. मंग माझ्याजवळ छापाले काय उरलं असतं?"

तिने फोन ठेवला. पुढचा प्रयोग थांबवायचं पत्र आणि नवा अहवाल तिने त्याच दुपारी लिहून पाठवला.

दुसऱ्या दिवशी ती खुर्सीपारला, भीमाबाईच्या घरी गेली. भीमाबाई दाराशी तांदूळ निवडत होती. अनुजाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खोट्या निरोपाने इन्सुलिन सुटून उंदीर कसे मेले, निखिलला ते कसं ठाऊक होतं, त्याने कसं लपवलं.

"इतका जवळचा माणूस. मले एक शब्द नाही सांगितला त्यानं."

भीमाबाईने सूप बाजूला ठेवलं.

"मी तर सांगितलं होतं, मॅडम."