सरदाराचे डोळे

"वहिनी, देव काय, स्वयंपाकघरात गॅसजवळही बसतात. उलट ऊबच मिळेल त्यांना," असं म्हणून माझा दीर अंबरीश हसला, आणि मेजर टेपचं टोक माझ्या देव्हाऱ्यावर टेकवून त्यानं खोलीची लांबी मोजली. पायात चपला तशाच होत्या.

ओमानमधल्या, रुवीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती एकच जादा खोली. एका भिंतीशी देव्हारा, समोरच्या खिडकीखाली माझं रंगकामाचं टेबल. पुण्याहून नोकरीसाठी आलेला अंबरीश हॉलमध्ये झोपायचा आणि रोज सकाळी कोणाला तरी ऐकू जाईल अशा आवाजात अंथरूण गुंडाळायचा. आता त्याला ती खोली हवी होती. तिथे थ्रीडी प्रिंटर आणून खेळातले बोटभर उंचीचे सैनिक छापायचे, रंगवायचे आणि विकायचे, असा त्याचा बेत होता.

"अहो, तुम्ही काहीतरी बोला ना," मी यांना म्हटलं.

गुरुदत्तांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "त्या सैनिकांच्या खेळाची स्पर्धा आहे ना, तिच्यात रंगकामाचं बक्षीस मिळालं तर त्याला ऑर्डरी येतील. जिंकला तर देऊ खोली. नाही जिंकला तर विषय संपला. खलास."

म्हणजे माझे देव कुठे बसणार, ते अंबरीशच्या सैन्यावर ठरणार होतं. आणि ते सैन्य रंगवत होते मी.

हा खेळ बाहेरच्याला सांगायचा तर असा. मोठ्या टेबलावर डोंगर, वाडी, किल्ला उभारतात. दोघं समोरासमोर आपापलं चिमुकलं सैन्य मांडतात आणि फासे टाकून लढतात. आमच्याकडे दर शुक्रवारी हे चालायचं. समोर बहुतेक वेळा सकलैन असायचा. तो मूळचा रत्नागिरीचा, सुकात, म्हणजे इथल्या बाजारात, त्याचं मसाल्याचं दुकान. तो चहाचा कप स्वतः विसळून ठेवायचा, अंबरीश स्वतःचा माझ्या रंगांच्या बाटल्यांमध्ये ठेवायचा.

टेबलावरचा मुलूखही माझाच. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमागे पडलेलं थर्माकोल आणून मी त्याचे कडे कापले, त्यावर गोंद फासून इब्रा गावाच्या वाटेवरच्या कोरड्या ओढ्यातली वाळू चाळून टाकली. बागेच्या भिंती, बुरूज, खजुरीची झाडं, सगळं. हे मला शिकवावं लागलं नाही. माझे वडील पेणला गणपतीच्या कारखान्यात होते. आम्ही थर्माकोलच्या मखरांच्या कचऱ्यात खेळत मोठे झालो.

वडिलांचं काम आखणीचं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळी मूर्ती रंगून झाली की शेवटी ते बसायचे. अंघोळ करून, सकाळच्या उजेडात, एक अक्षर न बोलता. बोललं की श्वास हलतो, श्वास हलला की हात हलतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यामुळेच माझा नेम आहे. रोज अंघोळीपासून पूजा आणि आखणी होईपर्यंत मी बोलत नाही. एकादशीला दिवेलागणीपर्यंत नाही. खूण करत नाही, मान हलवत नाही. मान हलवणं हेही बोलणंच, असं वडील सांगायचे.

अंबरीशला हे सगळं विनोदी वाटायचं. "वहिनीचं एअरप्लेन मोड सुरू झालं," असं तो मित्रांना सांगायचा, आणि ते हसायचे.

मी हळू बोलते. म्हणून माझा रागही हळू असेल, असं घरात सगळ्यांनी धरून चाललेलं.

स्पर्धेच्या आदल्या शुक्रवारी सकलैन माझ्या टेबलापाशी थांबला. एक भालाईत उचलून त्यानं उजेडात धरला.

"वहिनी, हे डोळे तुम्ही काढलेत ना? अंबरीश तर सांगतो, मी काढले."

मी भालाईत त्याच्या हातातून घेऊन रांगेत ठेवला.

"नाही, एवढंच सांगतो, नियम आहे. ज्याचं सैन्य त्यानंच रंगवायचं. नंतर तुमच्या नावानं बोंब नको."

तो गेल्यावर मी अंबरीशला विचारलं. "भाऊजी, हा नियम तुम्हाला माहीत होता?"

"कोण म्हणालं? सकल्या?" तो सोफ्यावर आडवा होता, उठलाही नाही. "अगं, ब्रश माझे, रंग माझे, सैनिक माझे. तू फक्त भरलेस. रांगोळी भरतेस तसं."

"विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

"विचारेल कोण? आणि शुक्रवारी एकादशी आहे, मी कॅलेंडर बघितलंय. तू बोलणारच नाहीस." मग जरा थांबून, "म्हणून तर तुला घेऊन जातोय. टेबल मांडायला हात लागतील, आणि तोंड लागणार नाही."

आतून गुरुदत्त म्हणाले, "अंबरीश, जरा नीट." तेवढंच. 'नीट' या शब्दावर यांनी आमचा संसार चालवला आहे.

गुरुवारी सकाळी फक्त सरदार उरला होता. घोड्यावर बसलेला, डोक्यावरून शेला घेतलेला. त्याचा चेहरा शेल्याच्या सावलीत, म्हणून मी त्याला शेवटी ठेवलं होतं. पूजा झाली होती. ब्रशचं टोक ओठांवर घेऊन मी बारीक केलं, श्वास धरला, आणि अंबरीश आत आला.

"वहिनी, शनिवारी माणूस येतोय फळ्यांचं माप घ्यायला. देव्हारा तेवढा आधी उचलून ठेव."

मी मान वर केली नाही.

"ऐकू येतं ना? का मुकीबरोबर बहिरीही झालीस?" त्यानं माझ्या हाताखालून सरदार उचलला, फोनवर त्याचा फोटो काढला, आणि खाली लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं, "आर्मी पूर्ण. सहा महिन्यांची मेहनत." मग सरदार पेटीत ठेवला आणि पेटीला चिकटपट्टी लावली.

शेल्याच्या सावलीत त्याला दिसलं नाही. सरदाराला डोळे नव्हते.

संध्याकाळी मला सांगता आलं असतं. तो जेवायला बसला होता, मी वाढत होते. त्यानं भाकरी मोडून पाहिली. "कडक झालीये," तो म्हणाला. मी दुसरी वाढली. डोळ्यांचं काही सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं स्पर्धेच्या हॉलवर पोचलो. मी टेबल मांडलं. कडे, बुरूज, ओढ्याची वाळू. शेजारच्या टेबलांवरची माणसं बघायला आली, तर अंबरीश त्यांना सांगत होता, "धिस इज ऑल फ्रॉम स्क्रॅच." मी कोण असं एकानं विचारलं, तेव्हा म्हणाला, "माझी वहिनी. ब्रश धुते माझे."

गुरुदत्तांनी ते ऐकलं. खिशातून फोन काढून बघत बसले.

परीक्षक पार दक्षिणेच्या टोकाला असलेल्या सलालाहहून आलेल्या ओमानी बाई होत्या, चित्रकलेच्या शिक्षिका. बोलणं शांत, नजर मात्र सुईसारखी. त्यांनी भालाईत बघितले, तिरंदाज बघितले, पुढं वाकून एकेका चेहऱ्यापाशी थांबल्या. "डोळे सुंदर आहेत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. अंबरीशनं छातीवर हात ठेवला. मग त्यांनी सरदाराचा घोडा उचलला, खिशातली बॅटरी शेल्याखाली लावली, आणि विचारलं, "याचे का नाहीत?"

अंबरीशनं घोडा हातात घेतला. त्याचा चेहरा मी बघितला. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

पण तो लगेच सावरला. "मुद्दाम ठेवलेत, मॅडम. सरदाराचे डोळे इथेच काढायचे, सगळ्यांसमोर, म्हणून."

"वा. मग काढा," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

आता मागे फिरता येईना. माझीच पेटी उघडून त्यानं सर्वांत बारीक ब्रश घेतला. पांढरा ठिपका गालफडावर उतरला. काळा लावायला गेला तर तो पार कानापाशी लागला.

मागून सकलैन म्हणाला, "अरे, एक डोळा रुवीत आणि एक सलालाहत!"

सगळे हसले. अंबरीशचे कान लाल झाले.

"तू गप्प बस रे, मिरची विक तुझी!" मग तो माझ्याकडे वळला. "हिनं केलंय हे! मुद्दाम! मी पूर्ण केलेलं हिनं पुसलं, मॅडम. खोलीवरून राग आहे हिचा." आणि मराठीत, दात आवळून, "वहिनी, मान हलव. सैन्य मी रंगवलं ना? हो म्हण."

मी उभी होते तशी उभी राहिले.

गुरुदत्त माझ्या कानाशी आले. "नयना, हलव मान. सगळे बघतायत. घरी गेल्यावर बोलू."

इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा यांना माझं बोलणं हवं होतं, आणि तेही खोटं.

"आज तिचं धार्मिक मौन असतं," अंबरीश बाईंना समजावू लागला. "पण बघा ना, नाही म्हणत नाहीये ती. म्हणजे माझंच खरं."

ते मात्र मला सोसेना. माझं गप्प राहणं मी देवाला दिलं होतं. ते उचलून तो आपल्या खोट्याखाली टेकू म्हणून लावत होता.

मी पुढे झाले. त्याच्या बोटांतून ब्रश काढून घेतला. त्यानं सोडला नाही, तेव्हा ओढला. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. रंग अजून ओला होता. ओल्या ब्रशनं मी ते पांढरं-काळं टिपून घेतलं. मग टोक बारीक केलं, मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं आणि श्वास धरला. पांढऱ्याच्या दोन बारीक फटी. काळ्याचे दोन थेंब, वरच्या पापणीला चिकटलेले, म्हणजे नजर समोर जाते. श्वास सोडला. घोडा बाईंसमोर ठेवला, ब्रश पाण्यात बुडवला, धुतला. ब्रश धुते ना मी.

बाईंनी बॅटरी लावली. सरदारावरून भालाइतांवर, भालाइतांवरून तिरंदाजांवर. अंबरीशकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्याच्या टेबलावरचं नावाचं कार्ड उलटं घातलं आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. त्याचं सैन्य बाद झालं होतं.

गाडीत गुरुदत्तांनी रेडिओ लावला, अंबरीशनं तो बंद केला.

घरी मी खोलीत जाऊन बसले. खाली मशिदीत मगरिबची, सूर्यास्ताची अजान झाली, मी दिवा लावला, हात जोडले. मौन सुटलं. वळले तर दारात दोघे भाऊ उभे.

"काय गरज होती?" गुरुदत्त म्हणाले. "चार लोकांत त्याची लाज काढलीस."

अंबरीशनं सैन्याची पेटी माझ्या टेबलावर आपटली. आत काहीतरी मोडल्याचा आवाज आला. "घे. तुझंच आहे ना सगळं? बस कवटाळून."

"भाऊजी," मी म्हटलं. दिवसभर न वापरलेला आवाज जरा चिरका निघाला. "मेजर टेप देव्हाऱ्यामागे राहिलाय तुमचा. घेऊन जा. आणि शनिवारच्या माणसाला येऊ नको म्हणून सांगा."

"दादा, ऐकतोयस?"

"खोलीचं नंतर बघू," गुरुदत्त पुटपुटले.

"नंतर काय बघायचं? जिंकला तर खोली, नाही तर खलास. तुमचाच शब्द आहे."

ते वळून हॉलमध्ये गेले. अंबरीशनं टेप उचलला, जाताना दार आपटलं. देव्हाऱ्यातली समई हलली, विझली नाही.

आता दोन महिने झाले. तो माझ्याशी बोलत नाही. मी वाढते, तो ताट सरकवतो आणि खाली जाऊन शवर्मा खातो. मी रोज वाढते. सरदाराच्या घोड्याचा पाय मोडला होता, तो चिकटवून मी त्याला टेबलावर ठेवलंय, तोंड हॉलकडे करून. दार उघडं असलं की अंबरीशला सोफ्यावरून तो दिसतो. दार मी उघडंच ठेवते.