अव्वाचा खण

कसबा बावड्याच्या कडेला, उसाला लागून मृत्युंजयनं गुंठाभर जागा घेतली आणि तिच्यावर घर बांधण्याऐवजी घर आणूनच ठेवलं. रस्त्याचं काम संपल्यावर एका ठेकेदारानं आपल्या साइट ऑफिसची पत्र्याची केबिन विकायला काढली होती. ती क्रेननं उचलून आणली आणि विटांच्या कट्ट्यांवर टेकवली. बघायला सगळी आळी लोटली. शेजारच्या झुंबरबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "पावणं, ह्यात ऱ्हायाचं हाय का ही फुडं कुठं जायाची हाय?"

ते बोलणं मृत्युंजयच्या जिव्हारी लागलं. बाहेरून डबा तर डबा, पण आतून असं घर करायचं की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं, असं त्यानं ठरवूनच टाकलं. लक्ष्मीपुरीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात तो कामाला होता. दीड खोलीच्या दुकानात एवढा माल मावतो, मग पंचवीस फुटांच्या केबिनीत नवरा, बायको आणि एक पोरगी का मावू नयेत, असा त्याचा सवाल होता. सवाल बरोबर होता, पण दुकानातला माल भांडत नाही.

खडू घेऊन तो केबिनीच्या जमिनीवर आखायला बसला. इथं ओटा, ओट्याखाली सिलिंडर. इथं पडदा, पडद्यामागं पेटीचा पलंग. पोरीच्या, दानेश्वरीच्या अभ्यासाला भिंतीला बिजागरीचं टेबल, काम झालं की मिटलं. सकाळी आखलेलं संध्याकाळी कामावरून आला की पुसायचा. ओटा दाराजवळ नेला तर फोडणीचा ठसका बाहेरच्या खोलीत, मागं नेला तर पलंगाला जागा कमी. जेवतानाही त्याची नजर जमिनीवर फिरायची.

"अहो, ओटा हाय का सोंगटी?" बायको वर्षाराणी वैतागून म्हणायची. "एकदा ठेवा की कुठंतरी!"

एक गोष्ट मात्र हलत नव्हती. दारातून शिरल्या शिरल्या हॉल, आणि हॉलमध्ये सोफा. सोफा तर त्यानं आधीच आणून ठेवला होता, आणि तो आत घेताना दार बिजागऱ्यांवरून उतरवावं लागलं होतं. आलेल्या माणसाला सोफ्यावर बसवलं की त्याला डब्याचा विसर पडेल, हे त्यानं मनाशी धरलं होतं.

आणि अव्वा होती. त्याची आई बसम्मा, सगळे तिला अव्वाच म्हणत. ती शिरोळला मृत्युंजयच्या थोरल्या भावाकडं, बसलिंगाप्पाकडं राहायची. दिवाळीत तिनं मृत्युंजयला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हितं नातवाचं लगीन ठरलंय. माझी जागा नव्या सुनंला लागणार. मला तुझ्याकडं ने बाबा. मोठं काय नगं. एक खण दे, बास."

मागणं ते केवढं! मृत्युंजयचा जीव भांड्यात पडला. त्यानं कपाटाचा एक खण अव्वासाठी सागवानी करून घेतला. पितळी मूठ, आत विभूतीला वेगळा कप्पा. सुताराला दोनदा परत पाठवलं, इतकी हौस केली.

"अव्वांनी झोपायचं कुठं?" वर्षाराणीनं विचारलं.

"सोफा हाय की."

"रोज?"

त्यानं खडू उचलला आणि ओटा पुन्हा हलवला.

संक्रांत झाली आणि अव्वा आली. भावाच्या ट्रॉलीतून तिची लोखंडी पेटी उतरली, वळकटी उतरली आणि शेवटी तिची बाज उतरली. चार दिवसांसाठी कुणी बाज घेऊन येत नाही. ट्रॉली निघून गेली आणि बाज दारातच उभी राहिली, कारण आत सोफा होता.

"माझा खण दाव," अव्वा म्हणाली.

मृत्युंजयनं ऐटीत कपाटाचा खण ओढला. "हा बघ. सागवानी हाय."

अव्वानं आतून हात फिरवला. खण आत ढकलला, परत ओढला.

"चांगला हाय," ती म्हणाली. मग दारातल्या बाजेकडं बघून म्हणाली, "आनि मी?"

वर्षाराणीच्या ते आधी ध्यानात आलं आणि तिनं मान खाली घातली. दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे खण. शिरोळकडं जुनी माणसं घर खणांतच मोजतात. अव्वानं अंग टाकण्यापुरतं घर मागितलं होतं.

"मला वाटलं, कपाटातला..." मृत्युंजय चाचरला.

"पाच खणाच्या घरात वाढलास तू. धाकट्या खणात तुझी आजी झोपायची ते बी तुला ठावं हाय."

"चुकलं, अव्वा."

"चुकलं न्हाय," ती म्हणाली. "सोयीचं ऐकलंस."

ती ओरडली असती तर तोही ओरडला असता. कोल्हापुरात त्याची सवय असते माणसाला. पण ती पेटीवर बसून सावकाश बोलली, आणि मृत्युंजयला लाजेनं घाम फुटला. कारण ते खरं होतं. दिवाळीपासून तो ओटा पुसत होता, पलंग पुसत होता, आणि अव्वाला कुठं ठेवायचं हे स्वतःला विचारायचं टाळत होता. ओटा कुठंही ठेवला असता तरी त्याला चैन पडणार नव्हती.

"शिरोळची यष्टी कवा हाय?" अव्वानं विचारलं.

शिरोळात तिच्या जागेवर नव्या सुनेचा पलंग लागला होता. हे तिघांनाही ठाऊक होतं.

मृत्युंजय उठला. पान्हा शोधून त्यानं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. "त्या अंगानं धर," तो वर्षाराणीला म्हणाला. सोफा दोनदा चौकटीला घासला, कापड टर्रकन फाटलं, पण बाहेर आला. उसाच्या बांधाशी तो नेऊन टाकला तेव्हा आळीतली माणसं बघायला थांबली होती. त्यांच्याकडं त्यानं बघितलं नाही.

"आता आत चल, अव्वा," तो धापा टाकत म्हणाला. "दारापासनं पडद्यापातूर सगळं तुझं."

अव्वा पेटीवरून हलली नाही.

"आदी बाज आत टाक," ती म्हणाली. "मग बघू."