पत्रकातला चौथा मुद्दा

मित्रांनो, मी एका शाळेच्या ग्रंथालयात उभी असलेली जुनी झेरॉक्स मशीन आहे. स्वतःची कहाणी सांगताना जुन्या वस्तू हळव्या होतात म्हणे. मी होणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या एका कामगार बाईने माझा शेवटचा स्क्रू आवळला, काचेवर स्वतःचा तळहात ठेवला आणि बटण दाबलं. तिच्या हाताच्या रेषा हुबेहूब कागदावर उतरल्या. ती माझी पहिली प्रत. तेव्हापासून मला एकच काम येतं. काचेवर ठेवाल ते जसंच्या तसं उतरवायचं, खरं असो की खोटं. मला वाचता येतं, पण थांबता येत नाही.

शाळेत आले तेव्हा माझा थाट होता. प्रश्नपत्रिका, दाखले, सहलीची संमतीपत्रं, सगळं माझ्याकडे. क्लार्ककाका माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "हिला एक दिवस सुट्टी नाही, पण कधी तोंड वाकडं करत नाही." मग ऑफिसात नवा रंगीत प्रिंटर आला आणि मला ग्रंथालयात, नकाशांच्या कपाटाशेजारी ढकललं गेलं. माझ्यावर कुणी रद्दी ठेवायचं, कुणी चहाचा कप. मोठा गठ्ठा काढायचा असला की मात्र सगळ्यांना माझी आठवण यायची.

त्या सकाळी क्लार्ककाकांनी माझ्या काचेवर एक पत्रक ठेवलं. दुसऱ्या एका शाळेतल्या मुलाने जीव दिल्याची बातमी आली होती. पालक धास्तावले होते आणि आमच्या मुख्याध्यापकांना, म्हणजे मोठ्या सरांना, काहीतरी वाटून मोकळं व्हायचं होतं. पत्रकाचा मथळा होता, 'आपलं मूल आत्महत्येच्या वाटेवर तर नाही?' वर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या डॉक्टरांचा फोटो. खाली ठळक अक्षरांत, 'संशोधनातून सिद्ध', आणि तळाशी एक फोन नंबर.

ग्रंथपालबाईंनी मान वर केली. "कुठून आलं हे?"

"पालकांच्या ग्रुपवर. सगळीकडे फिरतंय."

"लिहिलंय कुणी?"

"डॉक्टरांनी. फोटो आहे की."

"डॉक्टरांचं नाव?"

काका हसले. "बाई, तुम्ही कागदाचाही जन्मदाखला मागाल. सरांना अकरापर्यंत हवंय."

बाईंच्या तासाची घंटा झाली. त्या गेल्या. काकांनी पत्रकावर शाळेचा शिक्का मारला आणि बटण दाबलं. मी सहाशे चाळीस प्रती काढल्या. सहाशे चाळीस वेळा तो चौथा मुद्दा माझ्या पोटातून गेला: 'मरणाची भाषा करणारी मुलं तसं कधीच करत नाहीत. त्यांना थेट विचारू नये. विचारलं तर ती कल्पना डोक्यात शिरते.'

दोन्ही गोष्टी साफ खोट्या. त्या दिवशी माझ्यात कागद अडकायला हवा होता. एकही अडकला नाही.

दहावीत एक मुलगी होती. तिची बडबड थांबायचीच नाही, म्हणून सगळे तिला बुलबुल म्हणायचे. तिची मैत्रीण वर्गात सगळ्यांत उंच, ती शिडी. मधल्या सुट्टीत दोघी माझ्या आडोशाला बसायच्या. त्या महिन्यात बुलबुल गप्प गप्प असायची. एके दिवशी वहीच्या कडेला रेघोट्या ओढत म्हणाली, "मी नसले ना, तर घरी सगळे सुटतील."

शिडीला आधी ती थट्टा वाटली. मग वाटेना. तिने घरी जाऊन आईला सांगितलं. आईने शाळेचं पत्रक काढलं, चौथ्या मुद्द्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बघ, बोलणारी मुलं काही करत नाहीत. तू विचारू नकोस, उगाच तिच्या मनात भरेल." आईच्या मनात वाईट काही नव्हतं. शिडीने ऐकलं. आठ दिवस ती बुलबुलशी फक्त अभ्यासाचं बोलली.

नवव्या दिवशी बुलबुलने स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न केला. ती वाचली. काय केलं, कसं केलं, ते मी सांगणार नाही. ते सांगून कुणाचं भलं होत नाही.

शिडी पत्रक घेऊन ग्रंथालयात आली. रडत नव्हती. कागद बाईंच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "बाई, हे कुणी लिहिलं?"

बाईंचा चेहरा उतरला. "मी हेच विचारलं होतं," त्या म्हणाल्या, "आणि उत्तर न घेता तासाला गेले."

"मी तिला विचारलं असतं तर?"

"तू मोठ्यांना सांगितलंस. तुझ्या वाट्याचं तू केलंस. पुढचं आमचं होतं."

बाईंनी पत्रकावरचा फोन नंबर फिरवला आणि मोबाइल माझ्या झाकणावर ठेवला. पलीकडचा माणूस मोठ्या उत्साहाने बोलला. "मुलासाठी का मॅडम? आपलं तीन दिवसांचं मनोबल शिबिर आहे."

"फोटोतले डॉक्टर कोण?"

"तो डिझाइनवाल्याने टाकलाय."

"आणि संशोधन?"

"नेटवर आहे ना मॅडम, सगळ्यांना माहीत असतं ते."

बाई सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. चौथ्या मुद्द्यातली वाक्यं त्यांनी शब्दशः शोधली. एका वेबसाइटवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. सगळ्यांनी एकमेकांचं उचललेलं, कुणाचं नाव नाही, तारीख नाही. तिसऱ्या दिवशी मूळ अहवाल हाती लागला, डॉक्टरांच्या एका संस्थेचा. त्यात ती वाक्यं होती, अगदी तशीच. शिडीने वरचा मथळा वाचला आणि पुन्हा वाचला. मथळा होता, 'लोकांमधले घातक गैरसमज'. प्रत्येक गैरसमजाखाली खरी माहिती होती. कुणीतरी मथळा आणि खरी माहिती कापून टाकली होती आणि गैरसमज तेवढे ठेवले होते.

बाईंनी बुलबुलवर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनाही फोन केला. त्या डॉक्टर म्हणाल्या, "थेट विचारा. विचारल्याने कल्पना शिरत नाही, मूल मोकळं होतं. आणि त्याला एकटं सोडू नका, मदतीपर्यंत पोहोचवा."

मोठे सर ग्रंथालयात आले तेव्हा नवं पत्रक माझ्या काचेवर तयार होतं. डॉक्टरांचं नाव, अहवालाची तारीख, मदतीचा फोन नंबर. पहिली ओळ होती, 'शाळेने आधी वाटलेलं पत्रक चुकीचं होतं.'

"बाकी छान आहे," सर म्हणाले. "ही ओळ तेवढी काढा. शाळेचं नाव आहे शेवटी."

"ओळ राहील, सर."

"जुनं उकरून काय मिळणार?"

शिडीची आई दारात उभी होती. तिला शिडीने बोलावलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, मी त्या कागदावर विश्वास ठेवला. त्यावर तुमचा शिक्का होता. या ओळीवरही मारा."

सरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी क्लार्ककाकांना शिक्का आणायला सांगितला.

दोन महिन्यांनी बुलबुल परत आली. मधल्या सुट्टीत दोघी माझ्याशेजारी बसल्या. शिडीने घसा खाकरला आणि सरळ विचारलं, "अजून मरावंसं वाटतं का तुला?"

बुलबुलने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "परवा वाटलं होतं. डॉक्टरांना सांगितलं मी. हे मला आधी कुणी विचारलंच नव्हतं गं." आणि मग ती बोलत राहिली, घंटा होऊन गेली तरी. बाईंनी दोघींना वर्गात पाठवलं नाही.

मित्रांनो, शाळेने जुनी पत्रकं परत मागवली; त्या सहाशे चाळीसपैकी दोनशे अकरा परत आली. उरलेली कुठल्या ना कुठल्या घरात आहेत, आणि ती मीच काढली आहेत. मला त्यांच्या मागे धावता येत नाही. तुम्हाला येतं. असा कागद दिसला, मोबाइलवर आला, तर आधी विचारा, लिहिलं कुणी, कशावरून, कधी. उत्तर मिळालं नाही तर पुढे पाठवू नका. 'डॉक्टर म्हणतात' एवढ्यावर गप्प बसू नका, डॉक्टरांचं नाव मागा. लोक हसतील. हसू द्या.

आणि शेजारच्या बाकावरचं कुणी गप्प झालं असेल, किंवा मरणाची भाषा करत असेल, तर त्याला आजच विचारा. मग भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा. त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. ऐकणारा भेटेपर्यंत सांगत राहा.