शेगडीमागचं भोक

थंडी सुरू झाल्यापासून माझ्या बायकोचं, स्तोयांकाचं, डोकं रोज दुपारी ठणकायचं. मळमळायचं, पायांत जीव राहायचा नाही. तिच्या मते याचं कारण एकच होतं: सून.

"सेन्का मला मारायला टपलीय," ती माझ्या कानात सांगायची. "हळूहळू, कुणाला कळणार नाही असं."

मी जन्मभर झ्लातिबोरच्या घाटात बस चालवली. घाबरलेल्या माणसाशी वाद घालू नये, एवढं मला कळतं. मी म्हणायचो, "असेल बाई." पण संशय मोठा चिकट असतो. चार दिवसांत मीही सुनेच्या हातांकडे बघायला लागलो.

पुरावे तर ढीगभर होते. आमच्या मुलाने, रादिशाने, नवी पेलेटची शेगडी आणली होती, भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर चालणारी. साफसफाई सेन्काकडे. रोज सकाळी ती शेगडी बंद करायची आणि पार गार झाल्याशिवाय हात लावायची नाही. स्तोयांका शालीत कुडकुडत म्हणायची, "बघ, गारठवून मारणार." सेन्का राख पत्र्याच्या बादलीत भरायची, वर घट्ट झाकण लावायची आणि बादली अंगणात फरशीवर नेऊन ठेवायची.

"राखेला झाकण कशाला? काय लपवतेय?"

एकदा मी गुपचूप झाकण उचलून पाहिलं. राखच होती, पण पोटात एक निखारा अजून लाल होता. मी झाकण परत लावलं आणि घरात काही बोललो नाही.

सगळ्यात मोठा गुन्हा खिडकीचा. स्तोयांका शेगडीजवळच्या कोचावर लवंडली की थोड्या वेळाने सेन्का यायची आणि खिडकी, दार दोन्ही सताड उघडायची. आरपार वारं! आमच्याकडे माणूस लढाईतून परत येतो, आरपार वाऱ्यातून नाही. मान आखडते, तोंड वाकडं होतं, मूत्रपिंडं जातात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"जरा हवा येऊ द्या, आई."

"हवा खायची तर माहेरी जा."

शेवटी स्तोयांकाने रादिशाला बजावलं: या घरात ती राहील, नाहीतर मी. पोरगा मान खाली घालून म्हणाला, भाड्याचं घर बघतो.

त्या शनिवारी सेन्का शेगडीची काच पुसत होती. रोज पुसूनही ती संध्याकाळपर्यंत काळीठिक्कर व्हायची, आणि सेन्काच्या कपाळाला आठ्या पडायच्या. काच झाल्यावर तिने शेगडीमागे रचलेली पेलेटची पोती ओढायला घेतली.

"हात लावू नकोस त्यांना," स्तोयांका म्हणाली.

"आगीला चिकटून पोती ठेवायची नसतात, आई. कुणी रचली इथे?"

"मी."

शेवटचं पोतं सरकलं. शेगडी बसवताना भिंतीत खाली एक भोक पाडलं होतं. त्यात लोकरीचा मोजा गच्च कोंबलेला होता. सेन्काने तो उपसून काढला आणि आधी माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं.

"मग काय," स्तोयांका म्हणाली. "भर थंडीत भिंतीला भोक ठेवतं का कुणी? सगळं वारं माझ्या पायांवर. पहिल्याच दिवशी बुजवलं."

सेन्का तिथेच खाली बसली. "शेगडी यातून श्वास घेते, आई. हे बंद केलं की जाळ कोंडतो आणि विषारी वायू खोलीत उलटतो. त्याला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही."

स्तोयांका हटणारी नव्हे.

"मग मी कशी रोज उठते?"

"मी खिडकी उघडते म्हणून. झोपेत तुमचा चेहरा बदलायचा. मला भीती वाटायची, कशाची ते कळत नव्हतं. रादिशाला म्हटलं, घर बघू नकोस. दुपारी आईंपाशी कोण असेल?"

स्तोयांका त्या भोकाकडे बघत राहिली. मग माझ्यावर खेकसली, "उभा काय राहिलास, म्हाताऱ्या? खिडकी उघड. तिचे हात राखेने भरलेत."

"आणि दार?" मी भीतभीत विचारलं.

"दारही," ती म्हणाली, आणि गार फरशीवर सेन्काच्या शेजारी बसली.